दूध-पाय, उंदराचं औषध आणि ताईची पोटरी

गेले दोन महिने नवा भाग आला नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कारण घरचंच होतं आणि आजचा विषयही त्यातूनच निघालाय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. दिवसभर कोड लिहितो आणि रात्री इतिहास वाचतो, एवढंच माझं क्वालिफिकेशन. त्यामुळे हा भाग ऐकून कुणी कुठली गोळी सुरू करू नका आणि चालू असलेली बंद तर अजिबात करू नका.

तर झालं असं. ताईचं सिझेरियन झालं, बाळ-बाळंतीण सुखरूप, पाचव्या दिवशी माहेरी म्हणजे आमच्याकडे आली. आमच्या घरात बाळंतिणीचा कायदा कडक. सव्वा महिना खाटेवर, कानाला फडकं, खाटेखाली शेक, सकाळी मालिश, डिंकाचे लाडू, आणि पाणी हवं असलं तरी हाक मारायची, उठायचं नाही. हे सगळं प्रेमाने चाललेलं, त्यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नवव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, ताई म्हणाली, "डावी पोटरी दुखतेय रे." आत्या म्हणाली वात आहे, गार फरशीवर पाय टेकला असशील. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो, "क्रॅम्प असेल गं, केळं खा. सोमवारी बघू."

रविवारी सकाळी मालिश करणाऱ्या मावशी आल्या. उजव्या पायाला तेल लावलं, डाव्याला हात लावला आणि थांबल्या. आईला म्हणाल्या, "वहिनी, हा पाय गरम लागतोय आणि जडही झालाय. मी चोळायची नाही. आजच दाखवा." त्यांनी दोन्ही पोटऱ्यांना सुतळी गुंडाळून दाखवली. डाव्या पायाला चांगली तीन बोटं जास्त सुतळी लागली. घरातला एकमेव बीटेक, हातात इंटरनेट असलेला माणूस, सोमवारची वाट बघत होता, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या मावशींनी निदान जवळजवळ करून टाकलं होतं. दुपारी डॉपलर सोनोग्राफी झाली. मांडीपर्यंतच्या खोल शिरेत गुठळी. डीव्हीटी.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं, त्यातलं एक वाक्य डोक्यात बसलं. ही गुठळी पायात असते तोवर दुखणं असतं, ती सुटून फुफ्फुसात गेली की वेळ मिळत नाही. मग मी वाचायला बसलो. आणि सापडलेल्या इतिहासात दोन गोष्टी एकमेकींना छेद देत जातात. शेकडो वर्षं ज्याला उपचार म्हटलं ते अंथरूण या दुखण्याला हातभार लावत होतं. आणि ज्याने लाखो लोक वाचले, ती गोळी उंदीर मारायला म्हणून बाजारात आली होती.

सुरुवात बाळंतिणीपासूनच करू, कारण युरोपातल्या डॉक्टरांनाही हा आजार आधी तिथेच ठळक दिसला. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांनी एक पाय, बहुतेकदा डावा, सुजून पांढराफटक व्हायचा. त्याला लोक 'दूध-पाय' म्हणत. समजूत अशी की अंगावरचं दूध बाळाने नीट ओढलं नाही, म्हणून ते खाली उतरून पायात साठलं. आज हसू येतं, पण त्या काळाच्या हिशोबाने तर्क वाईट नाही. बाळंतिणीला होतं, पाय दुधासारखा पांढरा दिसतो, आणि याच दिवसांत शरीरात नवीन काय आलं? दूध. आम्ही कोडमध्ये बग शोधतानाही हेच करतो, शेवटचा जो बदल झाला त्याच्यावर पहिला संशय. आणि बऱ्याचदा तसेच फसतो.

मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइट नावाच्या डॉक्टरने १७८४ मध्ये या सुजेवर अख्खं पुस्तक लिहिलं. दुधाची थिअरी त्याने मोडीत काढली, पण त्याजागी जे कारण दिलं तेही चुकलं. त्याला वाटलं लसिकावाहिन्या तुंबतात. शिरेत गुठळी होते हे लंडनच्या डेव्हिड डेव्हिसने १८२३ मध्ये शवविच्छेदनं करून दाखवलं. पण मला व्हाइटची वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या पुस्तकाच्या अकरा वर्षं आधी त्याने बाळंतिणींच्या देखभालीवर दुसरं एक पुस्तक लिहिलं होतं. त्यात तो सांगतो की खोलीची दारं-खिडक्या बंद करू नका, शेकोटीने खोली तापवू नका, आणि बाईला लवकर उठवून बसवा. त्याचा रोख बाळंतज्वरावर होता, गुठळीचा त्याला पत्ताही नव्हता. १७७३ मध्ये मँचेस्टरच्या बंद, तापलेल्या खोलीबद्दल तो जे लिहितो ते वाचताना मला आमची मधली खोली दिसत होती.

व्हाइटचं फारसं कुणी ऐकलं नाही. पुढची दीडशे वर्षं बाळंतीण दोन-दोन आठवडे आडवी राहिली, आणि ऑपरेशन झालेला माणूसही.

आता बर्लिनला जाऊ. १८४६ च्या आसपास शारिटे हॉस्पिटलमध्ये रुडॉल्फ फिर्खो नावाचा पंचविशीतला डॉक्टर शवविच्छेदनं करत होता. तेव्हाचं मत असं की फुफ्फुसातल्या रक्तवाहिनीत गुठळी सापडली, म्हणजे ती तिथेच तयार झाली. फिर्खोला संशय आला, कारण त्या गुठळ्यांचा आकार तिथल्या वाहिनीशी जुळेना. तुटलेल्या फांदीचं टोक जसं मूळ झाडाशी जुळतं, तशी ती पायातल्या शिरेत उरलेल्या गुठळीशी जुळत होती. मग त्याने कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत रबराचे तुकडे सोडले आणि नंतर ते फुफ्फुसात शोधून काढले. म्हणजे वस्तू प्रवास करते. थ्राँबोसिस आणि एंबोलिझम हे दोन्ही शब्द त्याचेच. पहिला गुठळी होण्यासाठी, दुसरा ती सुटून दुसरीकडे अडकण्यासाठी.

मेडिकलच्या मुलांना 'फिर्खोचं त्रिकूट' पाठ असतं. रक्त संथ होणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्त स्वतःच जास्त गोठण्याकडे झुकणं. गंमत म्हणजे हे त्रिकूट फिर्खोने अशा स्वरूपात मांडलेलंच नाही, त्याच्या लिखाणातून ते नंतरच्या लोकांनी काढलं आणि त्याचं नाव दिलं. पण ते उपयोगी आहे हे नक्की. ताईला लावून बघा. गरोदरपणात बाळंतपणातला रक्तस्राव आवरायची तयारी म्हणून रक्त मुळातच जास्त गोठणारं होतं. वाढलेल्या गर्भाशयाने ओटीपोटातल्या शिरा दाबल्या जातात, त्यात डावी जास्त, कारण तिच्यावरून उजव्या पायाची धमनी आडवी जाते. म्हणून डावा पाय. सिझेरियनने शिरांना धक्का बसला. आणि मग आम्ही तिला खाटेवर ठेवलं. चौघांपैकी हे शेवटचंच आमच्या हातात होतं.

खाटेचा संबंध काय, हे थोडं सांगतो. हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण परत वर आणायला तेवढा जोर उरत नाही. ते काम पोटरी करते. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतली खोल शिर दाबली जाते, रक्त वर जातं, आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पोटरी हलली नाही की पंप बंद. झडपांच्या खाचांमध्ये रक्त साचून राहतं आणि गुठळीची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते.

एवढं कळल्यावर लोकांना अंथरुणातून उठवलं असेल ना? नाही. १८९९ मध्ये शिकागोच्या एमिल रीस नावाच्या सर्जनने आपले पेशंट ऑपरेशननंतर लवकर उठवून चालवले आणि तसं लिहिलंही. तो अपवादच राहिला. टाके उसवतील ही भीती मोठी होती. आणि झोपवून ठेवणं यात डॉक्टरला काही केल्याचं समाधान मिळतं, पेशंटला काळजी घेतल्याचं, नातेवाइकांना शिस्तीचं. सगळे खूश असतील तर ती पद्धत कोण बदलणार?

आणि मग ते व्हायचं ज्याची सर्जन लोकांना धास्ती होती. ऑपरेशन उत्तम, आठवडा-दहा दिवस छान गेलेले, पेशंट घरी जायच्या तयारीत, आणि अचानक छातीत कळ येऊन कोसळतो. १९०८ मध्ये जर्मनीतल्या ट्रेंडेलेनबुर्गने छाती उघडून फुफ्फुसाच्या धमनीतून गुठळी ओढून काढायचं ऑपरेशन मांडलं. त्याचा एकही पेशंट शेवटी जगला नाही. पहिला पेशंट वाचायला १९२४ उजाडलं, तेही त्याचा शिष्य किर्शनरच्या हातून.

इथे एक रात्र सांगायलाच हवी. १९३० च्या आसपासची, बोस्टनमधली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईच्या फुफ्फुसात गुठळी गेली होती. जॉन गिबन नावाच्या तरुण डॉक्टरला काम दिलं होतं की रात्रभर तिच्या उशाशी बसायचं, नाडी आणि ब्लडप्रेशर टिपत राहायचं, आणि ती अगदीच हाताबाहेर गेली तरच ट्रेंडेलेनबुर्गचं ऑपरेशन करायचं. म्हणजे ती मरणाच्या दारात जाईपर्यंत बघत बसायचं. सकाळी ती कोसळली. ऑपरेशन झालं, गुठळ्या निघाल्याही, पण ती वाचली नाही. गिबनच्या मनात त्या रात्री आलं की हिचं निळं पडलेलं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून, परत धमनीत सोडता आलं असतं तर? तो आणि त्याची बायको मेरी यांनी पुढची वीसेक वर्षं यावर काढली. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात १८ वर्षांच्या एका मुलीचं हृदयाचं ऑपरेशन त्याच्या हार्ट-लंग मशीनवर झालं आणि ती वाचली. आज बायपास ज्या यंत्रावर होते, त्याच्या मुळाशी पायातून सुटलेली एक गुठळी आहे.

बसून राहण्याचं काय होतं, ते मात्र हॉस्पिटलमध्ये नाही, युद्धात दिसलं. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर जर्मन बॉम्बहल्ले सुरू झाले. लोक रात्र-रात्र भूमिगत आसऱ्यांमध्ये काढायचे, आणि झोपायला जागा नसल्याने अनेक जण बागेतल्या कॅनव्हासच्या घडीच्या खुर्च्यांवर बसून राहायचे. कीथ सिम्पसन नावाच्या पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर अशी माणसं येऊ लागली ज्यांना बॉम्बचा ओरखडाही नव्हता. सकाळी खुर्चीतून उठली आणि पडली. फुफ्फुसात गुठळी. त्याने आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना केली, तर अशा मृत्यूंचं प्रमाण सहापट झालेलं. खुर्चीची पुढची लाकडी दांडी मांडीच्या मागे रुतते आणि शीर दाबते, हे त्याने ओळखलं आणि त्या वर्षाच्या अखेरीस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आसऱ्यांमध्ये खुर्च्यांऐवजी बाकांसारखे झोपायचे बंक द्या, असा त्याचा आग्रह.

युद्धाने आणखी एक केलं. खाटा कमी पडल्या, म्हणून पेशंटना लवकर उठवावं लागलं. टाके काही उसवले नाहीत. १९४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड अॅशर या डॉक्टरने अंथरुणाच्या धोक्यांवर एक खोचक लेख लिहिला आणि गुठळी, फोड, हाडं ठिसूळ होणं, मन खचणं अशी एकेक यादी दिली. व्हाइटच्या पुस्तकानंतर पावणेदोनशे वर्षांनी! अहो, आणि स्वतः फिर्खो? ऐंशीच्या वयात बर्लिनमध्ये चालत्या ट्राममधून उतरताना पडला, मांडीचं हाड मोडलं, त्यातून तो सावरलाच नाही. १९०२ ची गोष्ट.

आता औषधाकडे वळतो. दोन औषधं, दोन्ही चुकून सापडलेली.

ताईला पहिले काही दिवस पोटावर इंजेक्शनं दिली, ती हेपरिनच्या कुळातली. हेपरिनची गोष्ट १९१६ ची, बाल्टिमोरची. जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लिन नावाचा मेडिकलचा विद्यार्थी प्रोफेसर हॉवेलकडे काम करत होता. काम होतं रक्त गोठवणारा पदार्थ शोधण्याचं. मेंदूचा अर्क, हृदयाचा अर्क, यकृताचा अर्क असं चाललेलं. यकृताच्या अर्काचं उलटंच. तो जसजसा जुना झाला तसतसं रक्त गोठायचंच बंद झालं. मॅक्लिनने हॉवेलच्या टेबलावर मांजराच्या रक्ताचं भांडं ठेवलं, त्यात तो अर्क टाकला आणि म्हणाला, गोठलं तर मला सांगा. ते गोठलं नाही. कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, टेस्ट फेल होते आणि कळतं की फेल होणं हेच फीचर आहे. हेपर म्हणजे ग्रीकमध्ये यकृत, म्हणून हेपरिन. पण ते शुद्ध करून माणसाला देण्याजोगं व्हायला तीसचं दशक उजाडलं. टोरांटोत चार्ल्स बेस्ट, तोच इन्सुलिनवाला, आणि स्टॉकहोममध्ये एरिक यॉर्पेस यांच्या गटांनी ते केलं.

हेपरिन पोटातून घेता येत नाही, टोचावंच लागतं. घरी जाणाऱ्या पेशंटला गोळी हवी. ती आली गोठ्यातून.

१९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाई मरू लागल्या. शिंग कापलं, वळू खच्ची केला, की रक्त थांबेचना. काहींना तर जखमही नसायची, आतल्या आत रक्तस्राव. फ्रँक स्कोफिल्ड नावाच्या कॅनडातल्या पशुवैद्याने कारण शोधलं. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा, साठवणीत ओला राहून बुरशी आलेला. हा चारा म्हणजे आपल्या मेथीची अगदी जवळची नातलग बरं का. ताज्याने काही होत नाही. एरवी असा चारा फेकून दिला असता, पण पैसा नव्हता, मग तोच घातला. नॉर्थ डकोटात ली रॉडरिकने दाखवलं की या गाईंच्या रक्तात प्रोथ्राँबिन हा गोठण्याला लागणारा घटक कमी पडतो. पण चाऱ्यातलं विष नेमकं कुठलं?

फेब्रुवारी १९३३, शनिवार, विस्कॉन्सिनमध्ये हिमवादळ. एड कार्लसन नावाचा शेतकरी सुमारे ३०० किलोमीटर ट्रक चालवत मॅडिसनला आला. ट्रकमध्ये मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. त्याला सरकारी पशुवैद्याला भेटायचं होतं, पण सुट्टी, कचेरी बंद. युनिव्हर्सिटीत एका इमारतीचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरला. ती बायोकेमिस्ट्रीची प्रयोगशाळा होती, कार्ल पॉल लिंकची. लिंक त्याला काय देऊ शकला? तो चारा घालू नका, जमलं तर दुसऱ्या गाईचं रक्त चढवा. बस. कार्लसन परत त्याच वादळातून निघाला. त्याची बाकीची जनावरं दावणीला तोच चारा खात उभी होती आणि दुसरा चारा विकत घ्यायची ऐपत नव्हती. मंदीचे दिवस. लिंकचा जर्मन सहकारी शोफेल त्या रक्तात हात घालून किती तरी वेळ अस्वस्थ होऊन बडबडत राहिला, असं लिंकने नंतर लिहिलंय.

सहा वर्षं लागली. जून १९३९ मध्ये लिंकच्या प्रयोगशाळेतल्या हॅरॉल्ड कॅम्पबेलला त्या विषाचे स्फटिक दिसले. गवताला वास देणारा कुमारिन नावाचा पदार्थ असतो, तो निरुपद्रवी. बुरशी त्याच्यापासून डायकुमरॉल बनवते, आणि ते यकृताला रक्त गोठवणारे घटक बनवू देत नाही. ते घटक बनवायला 'के' जीवनसत्त्व लागतं, ते एकदा वापरलं की पुन्हा चार्ज करावं लागतं, आणि हे औषध नेमका तो चार्जर अडवतं. डायकुमरॉल १९४१ पासून माणसांवर वापरात आलं. बिचाऱ्या कार्लसनला त्याचा काही उपयोग झाला नाही.

१९४५ मध्ये लिंक क्षयाने आजारी पडला. महिनोन् महिने सॅनेटोरियममध्ये पडून असताना, म्हणजे पुन्हा अंथरूणच, त्याने उंदीर मारण्याचा इतिहास वाचून काढला. त्याला सुचलं की आपल्या विषाचा सुधारित अवतार यासाठी उत्तम. उंदीर चतुर असतो, एक मेला की बाकीचे त्या खाद्याला तोंड लावत नाहीत. पण याने उंदीर काही दिवसांनी मरतो, कशाने ते बाकीच्यांना कळतच नाही. तयार केलेल्या संयुगांपैकी ४२ नंबरचं निवडलं. संशोधनाला पैसे देणाऱ्या विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेची आद्याक्षरं आणि कुमारिनचं शेपूट जोडून नाव झालं वॉरफरिन. १९४८ ला उंदरांसाठी बाजारात.

माणसाला द्यायचं धाडस कुणी करेना. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने जीव द्यायला ते बरेच दिवस खाल्लं, आणि हॉस्पिटलमध्ये 'के' जीवनसत्त्व दिल्यावर पूर्ण बरा झाला. म्हणजे विषाला उतारा आहे हे कळलं. १९५४ ला माणसांसाठी परवानगी. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, त्यांनाही हेच दिलं. मग लोकांची भीती गेली.

आईची गेली नव्हती. मी हे सगळं उत्साहात तिला सांगितलं, तर ती हातातली गोळी बघत म्हणाली, "म्हणजे माझ्या पोरीला मी उंदराचं औषध देतेय? आणि ती बाळाला पाजतेय?" डॉक्टरांना पुन्हा फोन. पाजणाऱ्या आईला ही गोळी चालते, गरोदर बाईला मात्र टाळतात, असं त्यांनी शांतपणे समजावलं. काही गोष्टी जेवायच्या वेळी सांगू नयेत, हे मी शिकलो.

आणि ही गोळी, हेपरिन खरंच जीव वाचवतात का, याचा पुरावा? तो १९६० चा, ब्रिस्टलचा. बॅरिट आणि जॉर्डन या दोघांनी फुफ्फुसात गुठळी गेलेल्या पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला हेपरिन आणि वॉरफरिनच्या जातीची गोळी, दुसऱ्याला काही नाही. औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण गुठळीने मेले, आणखी ५ जणांना पुन्हा गुठळी गेली. औषध मिळालेल्या १६ पैकी गुठळीने एकही मेला नाही. ३५ माणसांवर त्यांनी ते थांबवलं, कारण पुढे कुणाला औषध न देणं त्यांना शक्य वाटेना. हा आकडा मी बराच वेळ बघत होतो. १९ पैकी ५. सोमवारी बघू म्हणणारा मी.

वॉरफरिनची कटकट म्हणजे रक्ततपासणी. डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव, आणि दोन्हींतलं अंतर अरुंद. पूर्वी प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, त्यामुळे एकाच रक्ताचे वेगवेगळे आकडे यायचे. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर ही सगळीकडे सारखी मोजपट्टी आणली. ताईचा आकडा दोन आणि तीनच्या मध्ये ठेवायचा होता. एका आठवड्यात तो अचानक घसरला. शोधलं तर आत्याने 'रक्त वाढावं' म्हणून रोज दोन वेळा पालक-मेथी सुरू केली होती. पालेभाजीत 'के' भरपूर. बंद करायची गरज नसते, रोज साधारण सारखी खायची, एवढंच. आता तपासणीची गरज नसलेल्या नव्या गोळ्याही आल्यात, पण पाजणाऱ्या बाईसाठी डॉक्टरांनी जुनीच पसंत केली.

आपल्याकडे आणखी एक समज बरीच वर्षं होती, डॉक्टरांतही, की हा गोऱ्यांचा आजार, भारतीयांना फारसा होत नाही. गुठळीकडे झुकणारा एक जनुकीय दोष युरोपात जास्त सापडतो हे खरं, पण आपल्याकडे शोधलंच कमी जात होतं हेही तितकंच खरं. २००८ च्या सुमारास अनेक देशांतल्या हॉस्पिटलांची पाहणी झाली, त्यात भारतही होता. धोका असलेल्या पेशंटपैकी नियमाप्रमाणे प्रतिबंधक उपाय मिळालेले आपल्याकडे पाचात एकही नव्हते.

आणि आता आमच्यावर येतो, खुर्चीवाल्यांवर. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका ३२ वर्षांच्या माणसाची केस छापली. कॉम्प्युटरसमोर दिवसाला बारा तास, कधी अठरा तास बसणारा. आधी पोटरी सुजली, ती दहा दिवसांत आपोआप बरी झाली, मग चालताना धाप लागायला लागली, आणि एक दिवस शुद्ध हरपली. फुफ्फुसांत गुठळ्या. तो वाचला. डॉक्टरांनी त्या प्रकाराला ई-थ्राँबोसिस असं नावही दिलं. ही केस मी रात्री दोन वाजता वाचली, सलग चार तास बसून. उठलो आणि उगाचच गॅलरीत फेऱ्या मारल्या.

एका पायाला सूज, दुखणं, गरम लागणं, रंग बदलणं, त्यात नुकतंच ऑपरेशन, बाळंतपण, प्लास्टर किंवा लांबचा प्रवास झालेला असेल, तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त असेल तर दिवस कसला, तासही घालवू नका.

ताईची गोळी तीन महिन्यांनंतर आता थांबलीय. आमच्याकडच्या खाटेचा कायदा दुसऱ्याच आठवड्यात बदलला होता, आत्या स्वतः तिचा हात धरून अंगणात फेऱ्या घालायची, कानाचं फडकं मात्र शेवटपर्यंत राहिलं. मालिशवाल्या मावशींना मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, वीस-बावीस वर्षांपूर्वी अशाच एका गरम पायाला त्यांनी तेल लावून चांगलं रगडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या तर दारात माणसं जमली होती.